आईवडील आणि मुलांसह दोन दिवस ठाण्यात: हलाल जेवणाची सोय कुठे?

मुक्काम ठाणे पश्चिमेला, स्टेशनच्या आसपास ठेवा. जेवायला राबोडी गाठा आणि एक संध्याकाळ मुंब्र्याला द्या. मी राबोडीतच राहते. ही जुनी मुस्लिम वस्ती तलावपाळीहून रिक्षाने जवळ आहे, त्यामुळे मुलांचं बोटिंग उरकलं की थेट जेवायलाच. मुंब्रा म्हणजे धीम्या लोकलने कळव्यानंतरचं स्टेशन. कबाब-बिर्याणीला तोड नाही, पण गर्दी इतकी की म्हाताऱ्या माणसांना घेऊन दिवेलागणीच्या आतच पोहोचलेलं बरं. दुसरा दिवस उपवन तलावाला ठेवा. तिथे आईवडिलांना निवांत बसता येईल आणि मुलांना पळायला जागाही आहे.

मॉलमधल्या हॉटेलांचं मात्र गृहीत धरू नका. एकाच साखळीच्या दोन शाखांत मटण-चिकनचा पुरवठादार वेगळा असू शकतो, तेव्हा ऑर्डरआधी विचाराच. शिवाय दारू मिळते का, तेही बघा. अगदीच अडलात तर उडप्याचा डोसा आहेच. रमजानात येणार असाल तर दुपारी या वस्त्यांतली बरीचशी हॉटेलं बंद मिळतील, खरी रौनक इफ्तारनंतर.