क्षार गेले, सोडियम राहिला: खाणीच्या भरावावरची चोपण जमीन

प्रश्न: खाणीचा खड्डा बुजवून, वर मातीचा थर देऊन जमीन परत मिळाली. पहिली दोन-तीन वर्षं पीक बरं आलं. आता पाऊस पडला की पाणी तुंबतं, ऊन पडलं की पपडी धरते, उगवण विरळ होते. माती परीक्षणात मात्र क्षार पहिल्यापेक्षा कमी आलेत. विक्रेता क्षारनाशक द्रव सोडा म्हणतो. काय करावं?

उत्तर: द्रव सोडू नका. क्षार कमी झाले, म्हणूनच जमीन बिघडली आहे. असे भराव मी बरेच पाहिलेत. ताज्या भरावात क्षार भरपूर असतात आणि तेच चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतात, त्यामुळे पाणी मुरतं. पाऊस क्षार धुऊन नेतो, पण कणांना चिकटलेला सोडियम मागे राहतो. मग कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. क्षारता उतरते, सामू (pH) 8.5 च्या वर जातो आणि खारवट जमीन चोपण होते. शिवाय खालच्या भरावातला सोडियम वरच्या चांगल्या मातीत चढत राहतो. भराव दबून खळगे पडले असतील तर तिथलं पीक आधी जातं.

तेव्हा अहवालात फक्त क्षारता पाहून समाधान मानू नका, विनिमयक्षम सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेल्या घटकांत सोडियमचा टक्का किती, ते पाहा. तो 15 टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण म्हणतात, पण नुसत्या पावसाच्या पाण्यावर 6 टक्क्यांपासूनही मातीचे कण सुटे होऊ लागतात. घरी पाहायचं तर वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका, हलवू नका. दोन तासांत ढेकळाभोवती दुधासारखं वलय पसरलं, तर सोडियमचं काम चालू आहे.

उपाय जिप्समचा: त्यातला कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. आता मात्रा. समजा, अहवालात विनिमय क्षमता (मातीचे कण असे घटक किती धरू शकतात, त्याचं माप) 30 आणि सोडियम 20 टक्के आहे, तो 10 वर आणायचा आहे. वरच्या 15 सेंटिमीटरसाठी हेक्टरी सुमारे 5.7 टन शुद्ध जिप्सम लागेल. माल 80 टक्के शुद्ध असेल तर 7 टनांच्या वर. यात कॅल्शियम होतो सुमारे 1300 किलो. विक्रेत्याच्या बाटलीत तो किती मावेल, तुम्हीच हिशेब करा. उलट कोणी अहवाल न पाहता "दुप्पट टाका, लवकर सुधारेल" म्हणाला, तर तेही ऐकू नका. एक टन जिप्सम विरघळायला हेक्टरभर सुमारे 4 सेंटिमीटर पाणी लागतं. पाण्याची सोय नसेल तर जास्तीचा माल नुसता पडून राहतो.

वेळ चुकवू नका. जिप्सम आधी, धुणं नंतर. आधी पाणी तुंबवून क्षार धुतलेत तर उरलेसुरले क्षार जातील आणि माती विटेसारखी होईल. पावसाळ्याच्या तोंडावर जिप्सम वरच्या थरात मिसळा, बांध घाला, पण त्याआधी निचऱ्याचे चर काढा. निचरा नसेल तर जिप्सम टाकूच नका, निघालेला सोडियम जाणार कुठे?

गंधक स्वस्त पडतो म्हणून विक्रेते गळ्यात मारतात. मातीत चुनखडी असेल तरच तो उपयोगी, आणि जिवाणूंमार्फत आम्ल व्हायला महिने लागतात. काही भरावांत लोहगंधक खनिज असतं, ते हवेशी भिडून आपोआप आम्ल सोडतं. चुनखडी असेल तर तिथे जिप्सम आपोआप बनतो, नसेल तर सामू कोसळतो. तिथे गंधक म्हणजे आगीत तेल. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब मातीवर टाका. फेस आला नाही तर गंधकाला हात लावू नका.

खोल नांगरट तर अजिबात नको. खालचा भराव वर आला की सगळी मेहनत वाया.

अनुदानाबद्दल इतकंच: योजना चालू आहे का ते विचारा, जमीन परत मिळाल्याचे कागद आणि परीक्षण अहवाल जोडा, मंजुरीआधी खरेदी करू नका.

जिप्समसोबत धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घ्याच. नुसत्या जिप्समपेक्षा हे मला नेहमी सरस वाटलं आहे. मुळं वाट करतात, मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मातीतली चुनखडी विरघळवून कॅल्शियम मोकळा करतो. फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण 45 ते 50 दिवसांत, वापसा पाहून वरच्या थरातच गाडा. ओल्यात ट्रॅक्टर घातलात तर चोपण माती पुन्हा दाबली जाईल. पुढच्या वर्षी तेच ढेकूळ पुन्हा पेल्यात सोडून पाहा.