आंतरराष्ट्रीय वाटाघाटी गुप्त ठेवणं लोकशाहीत योग्य आहे का?

तुम्ही विचारलंय की, देशादेशांमधली बोलणी बंद दाराआड का होतात आणि ती जनतेला कळायला नकोत का. मला वाटतं, घासाघीस चालू असताना आपला शेवटचा आकडा झाकलेलाच हवा. पण आपण काय मागायला निघालोय ते आधी, आणि मसुदा सहीच्या आधी, लोकांसमोर यायला हवा.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीचं काम बघतो. काही वर्षांपूर्वी एका परदेशी पार्टीशी रेट ठरत होता. आमच्यातलाच एकजण त्यांच्या एजंटाला बोलता बोलता सांगून गेला की, सूत भरून ठेवलंय आणि माग रिकामे उभे आहेत. त्यानंतर पार्टी जागची हलली नाही. शेवटी त्यांच्याच रेटनं माल दिला. देशाची गरज समोरच्याला कळली तर हेच होतं, फक्त नुकसान कितीतरी जणांचं होतं.

पहिलं महायुद्ध चालू असताना, नोव्हेंबर 1917 मध्ये रशियात नुकतीच सत्ता घेतलेल्या बोल्शेविक क्रांतिकारकांनी झारच्या, म्हणजे तिथल्या आधीच्या सम्राटाच्या, दप्तरातले गुप्त करार छापले आणि जग हादरलं. 8 जानेवारी 1918 ला अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी शांततेसाठी चौदा मुद्दे मांडले, त्यात पहिलाच मुद्दा होता उघड करारांचा, तेही उघडपणे केलेल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शांतता परिषदेत तेच विल्सन ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीच्या पंतप्रधानांबरोबर बंद खोलीत बसले. मी त्याला ढोंग म्हणणार नाही. चारचौघांत कुणी 'हे सोडतो, ते द्या' असं चाचपून बघत नाही, घरच्यांना ऐकू जाईल असंच बोलतो. पण झालेला करार लपवू नये, एवढं मात्र टिकलं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम 102 सांगतं की, संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवला नाही तो करार त्यांच्या कुठल्याही यंत्रणेपुढे आधार म्हणून दाखवता येत नाही.

पण सही झाल्यावर कागद हाती येऊन उपयोग काय? भारत-ब्रिटन व्यापार कराराची बोलणी संपल्याचं 6 मे 2025 ला जाहीर झालं, सही 24 जुलैला. मधल्या अडीच महिन्यांत सौदा ठरलेला होता, लपवावा असा आकडा उरला नव्हता, तरी संपूर्ण मजकूर सहीनंतरच वाचायला मिळाला. ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्यानं करार मंजुरीआधी संसदेपुढे 21 बैठकींचे दिवस ठेवावा लागतो. आपल्याकडे तसा कायदाच नाही, करार करणं सरकारच्या अखत्यारीत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मध्येही परराष्ट्र संबंधांना बाधा आणणारी माहिती न देण्याची सूट आहे, व्यापक जनहित दाखवलं तरच वाट निघते.

युरोपीय संघानं अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालू असतानाच 2015 पासून स्वतःचे प्रस्ताव छापायला घेतले. मागणी उघड, माघार कुठवर घ्यायची ते गुप्त. आपणही एवढं सहज करू शकतो.

मला यात सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. गुप्तता सगळ्यांना सारखी नसते. मोठ्या निर्यातदारांना संघटनांमार्फत सल्लामसलतीला बोलावणं येतं, त्यांना वाऱ्याची दिशा कळते. आमच्यासाठी जॉबवर विणणारा आठ मागांचा यंत्रमागधारक त्या खोलीच्या आसपासही नसतो. ब्रिटनमध्ये कापडी मालावर 12 टक्क्यांपर्यंत असलेलं शुल्क या करारात शून्यावर येतं, म्हणजे हा त्याच्याच पोटापाण्याचा विषय. सही झाल्यावर त्यानं मला विचारलं, "आमच्या मालाचं त्यात काय लिहिलंय?" मी शुल्काच्या तक्त्यातली आमच्या मालाची पानं छापून त्याच्यापुढे ठेवली. ती इंग्रजीत होती. दोघं मिळून ओळ न् ओळ लावत बसलो, आणि त्यातलं काहीही बदलायची वेळ तेव्हा निघून गेली होती.