गोधडीची ऑर्डर लांबली आहे, किती थांबायचं?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीकडच्या एका ताईंकडे जूनमध्ये आईच्या सुती साड्या गोधडीसाठी दिल्या, अर्धे पैसे आगाऊ दिले, महिन्याचा वायदा होता आणि आता ऑगस्ट लागला. भांडावं की थांबावं?

“कधी देणार?” असं विचारलंत तर “आठ दिवसांत” हेच उत्तर येईल. त्याऐवजी “थर लागले का?”, म्हणजे साड्या एकावर एक अंथरून झाल्या का, असं विचारा आणि फोटो मागा. काम कुठवर आलंय ते लगेच कळतं.

थर लागले नसतील तर बहुधा वाळवणाची अडचण आहे. साड्यांचे फॉल उसवून, त्या धुऊन खडखडीत वाळल्याशिवाय थर लावता येत नाहीत. आपल्या पावसात कापड हाताला कोरडं लागलं तरी सर्द असतं. तसंच चार-पाच थरांत कोंडलं की मध्ये बुरशी धरते, काळे ठिपके पडतात आणि कुबट वास काही केल्या जात नाही. दमट कापडात टोचून ठेवलेली सुई गंजते, तो डागही सहसा निघत नाही. उघडीप मिळेपर्यंत थांबणारी बाई तुमचंच काम नीट करतेय, तिला अजिबात घाई करू नका.

थर लागून कच्चा दोरा, म्हणजे थर सरकू नयेत म्हणून घातलेले तात्पुरते लांब टाके, पडला असेल, तर हिशेब करा. पाच बाय सात फुटांच्या गोधडीत एकेक इंचावर ओळी घातल्या तर साधारण 60 ओळी, म्हणजे 420 फूट धावदोरा. अर्ध्या इंचाला एक टाका धरला तरी दहा हजार टाके होतात, तेही सगळ्या थरांतून सुई काढत. ओळी अर्ध्या इंचावर हव्यात म्हणाला असाल तर काम दुप्पट. त्यात जुलै भातलावणीचा, वीज भरवशाची नाही, आणि गणपतीच्या दिवसांत कोकणात सुई हातात घ्यायला कुणाला सवड?

दर आठवड्याच्या फोटोत ओळी वाढताना दिसत असतील, तर विसर्जनानंतर पंधरा दिवसांपर्यंत थांबावं असं माझं मत आहे. दोनदा मागूनही फोटो आला नाही तर मात्र तारीख घालून मेसेज करा आणि आधी साड्या परत मागा, मग आगाऊ रक्कम. पैसे परत मिळू शकतात, आईच्या साड्या नाहीत. तरीही दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

गोधडी हाती आली की पूर्ण उलगडून मधला भाग हुंगून बघा, कडा हुंगून काही कळत नाही. उरलेले पैसे त्यानंतर द्या.