नव्या शाखेतील माणसांची ओळख लिहिताना

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या आपल्या दुकानाच्या चिपळूणच्या नव्या शाखेतील कर्मचाऱ्यांची ओळख करून देणारा तुझा मसुदा वाचला. नावे पदाच्या क्रमाने लावावीत की सेवाज्येष्ठतेने, या पेचात तू अडकला आहेस. मला तो पेचच गैरलागू वाटतो. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यात देखभाल पाहणारा माणूस हे पान वाचणार आहे, आणि पंपाचे सील गळू लागल्यावर फोन कोणाला करायचा एवढेच त्याला त्यातून समजायला हवे. म्हणून ज्याला जे कळते, ते त्याच्या नावापुढे लिही.

‘मनमिळाऊ’, ‘उत्साही’, ‘ग्राहकाभिमुख’ ही विशेषणे तू सत्यनारायणाच्या प्रसादासारखी सर्वांना वाटली आहेस. गोदाम सांभाळणाऱ्या मुलाला मात्र एका ओळीत उरकलेस. त्याच्याशी अर्धा तास बोल. क्रमांक पुसला गेलेले बेअरिंग कोणी आणले, तर तो व्हर्नियर या मोजमापाच्या साधनाने आतला व्यास २५, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर मोजून ‘६२०५’ हा त्याचा क्रमांक सांगतो. शिवाय ते बर्फाच्या कारखान्यात बसणार असल्याचे कळले, की तिथली ओल ध्यानात घेऊन पत्र्याच्या झाकणाचे झेडझेड न देता रबरी सीलचे टू-आरएस काढून देतो. हे त्याला कळते, ते लिही. काउंटरवरच्या बाईंना तू नुसते ‘विक्री प्रतिनिधी’ म्हणतोस. हर्णैचा नौकामालक स्वस्त म्हणून ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे बोल्ट मागतो, तेव्हा मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेले ३१६ प्रतीचे पोलाद खाऱ्या हवेत अधिक का टिकते हे त्या त्याला समजावतात, आणि किंमत ऐकून आठ्या घालणारा तो गृहस्थ बहुधा तेच घेऊन जातो. त्यांना जे कळते ते लिहिलेस, तर पदनाम गाळले तरी चालेल.

शाखाप्रमुख नाराज होतील, ही तुझी भीती मी समजू शकतो. मी एकदा वरिष्ठांच्या आधी गोदामातील माणसाचे नाव छापले, तेव्हा मला उद्धट ठरवण्यात आले आणि माझी बढती लांबली. त्याची खंत अजून आहे, पण पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन, कारण पुढे गिऱ्हाइकांचे फोन त्याच माणसाच्या नावाने येऊ लागले. साहेबांचे छायाचित्र पाहून कोणी व्ही-बेल्ट घेत नाही. (हे कडवट झाले खरे, पण राहू दे.)

मात्र जे कळत नाही, ते कोणाच्याही माथी मारू नकोस. नव्याने लागलेल्या मुलाला तू ‘हायड्रॉलिक्सचा जाणकार’ केले आहेस. उद्या त्याने खनिज तेलाच्या यंत्राला नायट्राइल रबराऐवजी ईपीडीएम रबराची ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे कडे, दिली, तर ती तेलात फुगेल आणि गळती सुरू होईल. तो शिकतो आहे, असेच लिही. त्यात कमीपणा नाही.

शनिवारपर्यंत नवा मसुदा पाठव. प्रत्येकाचा थेट क्रमांक त्यात असू दे, आणि रात्रपाळीतला फोन कोण उचलणार, ते ज्याने उचलायचा त्यालाच विचारून मग लिही.