दुसरा अँगलर घरी ठेव

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळासाठी तू लावलेल्या डेकची, साठ कार्डांची यादी रात्री साडेअकराला मिळाली. खाली एक ओळ होती: 'दादा, डेक स्लो आहे म्हणून हरतेय का? की फिनिशर (गेम संपवणारं कार्ड) बदलू?' मी तेव्हाच उत्तर देणार होतो, पण रागाने दिलं असतं. म्हणून आज सकाळी चहा घेऊन बसलोय.

रविवारी तू लाल, म्हणजे झटपट मारा करणाऱ्या डेकसमोर दुसऱ्यांदा हरलीस, तेव्हा मी मागे उभा होतो. समोरचा मुलगा उठून पाणी प्यायला गेला आणि तू डेकवरची पुढची चार कार्डं उलटून पाहिलीस. त्यातलं तिसरं मिस्टिकल टीचिंग्ज होतं, डेकमधून इन्स्टंट (कधीही टाकता येणारं कार्ड) शोधून देणारं. तुझ्या चेहऱ्यावर आलं, 'हे एक टर्न आधी आलं असतं तर.' तो चेहरा मला पुरता ओळखीचा आहे, कारण मी तो दहा वर्षं घालून फिरलो. म्हणूनच हे लांबलचक पत्र.

ते टीचिंग्ज आलं असतं तरी काही झालं नसतं. चार मॅनाचं कार्ड (मॅना म्हणजे लँड कार्डांतून मिळणारं, बाकीची कार्डं टाकायचं चलन) आणि तुझ्याकडे मॅना किती होते? आठव. पहिल्या टर्नला बोजुका बॉग ही लँड, आडवी, म्हणजे त्या टर्नला मॅना न देणारी. दुसरीला डिमिर अक्वेडक्ट, तीही आडवी, आणि तिच्यापायी बॉग हातात परत. तिसरीला तीच बॉग पुन्हा, पुन्हा आडवी. तीन टर्न झाल्या आणि तुझ्याकडे एक निळा, एक काळा. हातात दोन काउंटरस्पेल, समोरच्याचा मंत्र रद्द करणारी, ज्यांना दोन्ही मॅना निळे लागतात. समोर दुसऱ्या टर्नपासून थर्मो-अल्केमिस्ट हा प्राणी बसून प्रत्येक मंत्रामागे तुला टोचतोय. आणि तू मला विचारतेयस, फिनिशर बदलू का!

तू तो गेम शेवटी हरलीच नाहीस. शेवटापर्यंत पोचलीच नाहीस.

तुझ्या यादीत चार किंवा जास्त मॅनाची तेरा कार्डं आहेत. मागच्या महिन्यात अकरा होती. हरल्यावर तू काय केलंस, तर चौथं मलड्रिफ्टर घातलंस आणि दुसरा गरमॅग अँगलर, दोन्ही महाग प्राणी. पाया खचतोय आणि तू कळसावर आणखी एक कळस चढवतेयस. यात तुझा एकटीचा दोष नाही. स्लो डेक खेळणारे सगळे हेच करतात. जिंकलेल्या गेमची आठवण काय राहते, तर शेवटचा मोठा प्राणी, शेवटचं टीचिंग्ज, समोरच्याचं गळालेलं तोंड. दुसऱ्या टर्नला एका मॅनात मारलेला गॉब्लिन कुणाच्या लक्षात राहतो? पण गेम त्याने जिंकून दिलेला असतो.

एकदाच सांगतो असं म्हणणार होतो, पण मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे: स्लो डेकची सुरुवात स्वस्त हवी. उशिराचा खेळ आपलाच असतो, तो आपल्याला कुणी द्यावा लागत नाही. दहाव्या टर्नला तुझ्याकडे सात लँड आणि हातात पाच कार्डं असली, तर तू कशानेही जिंकशील. एका मलड्रिफ्टरने दोन-दोन करत मारलंस तरी जिंकशील. मी एकदा तसा जिंकलोय, समोरचा कंटाळून गेला होता.

आता जरा आकडे, कारण तू इंजिनियरिंगला आहेस आणि 'दादाचा अनुभव' तुला पटत नाही. एक-दोन मॅनात प्राणी मारणारी कार्डं तुझ्याकडे चार. पहिली टर्न तुझी असेल तर दुसऱ्या टर्नपर्यंत तू आठ कार्डं पाहतेस. त्यात चारपैकी किमान एक असण्याची शक्यता साधारण ४४ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा तू दुसऱ्या टर्नला रिकाम्या हाताने बघत बसणार. चारची आठ कर, ७० टक्के होतात. दहा कर, ७९. चारवरून आठवर जाताना २६ टक्के मिळाले आणि पुढच्या दोन कार्डांना आठ-नऊच. म्हणून मी आठ-नऊवर थांबतो. हे गणित कागदावर स्वतः करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आणि कुठली आठ, हेही बघ. डिसफिगर एका मॅनात मिळतं म्हणून चार घालशील, पण ते थर्मो-अल्केमिस्टला मारत नाही, त्याची टफनेस (मरायला लागणारं नुकसान) तीन. कास्ट डाउन मारतं. चेनर्स ईडिक्टला कुठला प्राणी द्यायचा ते समोरचा ठरवतो, म्हणून समोर एकच प्राणी असेल तर सोन्यासारखं, गॉब्लिनांची जत्रा असेल तर कचरा. स्नफ आउट फुकट वाटतं, पण चार लाइफ जातात. लाल डेकसमोर चार लाइफ म्हणजे एक लाइटनिंग बोल्ट आणि वर एक पॉइंट, तोही तूच स्वतःला मारून घेतलेला. शिवाय काळ्या प्राण्याला ते चालत नाही. स्नफ आउट दोन ठेव आणि लाल समोर आला की दोन्ही बाहेर काढ. एकोइंग डीके एक ठेव, कारण एकाच नावाचे सगळे टोकन (दुसऱ्या कार्डांनी तयार केलेले छोटे प्राणी) एका दमात जातात आणि ते इन्स्टंट असल्याने टीचिंग्जने शोधताही येतं.

लँडकडे ये. चोवीसपैकी चौदा आडव्या येतात. चौदा! मी तुझी यादी दोनदा मोजली, वाटलं माझाच चष्मा. चार अक्वेडक्ट कशाला? ती पहिल्या टर्नला टाकून उपयोगच नाही, कारण परत घ्यायला दुसरी लँड नसते आणि तीच हातात परत येते. दोन ठेव. बॉग एकच, आणि ती पहिल्या टर्नला टाकायची नाही, समोरच्याच्या ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) काही पुसून टाकण्यासारखं असेल तेव्हा. साधी आयलंड (निळ्या मॅनाची) आठ, साधी स्वॅम्प (काळ्या मॅनाची) पाच. तू म्हणशील, साध्या लँडने रंग जुळत नाहीत. मग लॉरियन रिव्हील्ड बघ. २०२३ मध्ये आलं आणि निळ्या डेकवाल्यांचं आयुष्य सोपं झालं. सुरुवातीला एका मॅनात ते टाकून देऊन आयलंड शोधतेस, आणि ती आयलंड कंटॅमिनेटेड अक्विफर असू शकते, म्हणजे काळा रंगही मिळतो. पुढे पाच मॅना झाले की तेच कार्ड तीन कार्डं ओढतं. महाग कार्ड घ्यायचंच असेल तर असं घे, जे सुरुवातीलाही उपयोगी पडतं. मलड्रिफ्टरही तीन मॅनात इव्होक होतं (प्राणी टिकत नाही, पण कार्डं ओढून देतो), म्हणून तीन राहू देत. चौथं काढ.

आणि तो दुसरा अँगलर. तू विचार केला नाहीस, सांगतो. अँगलर डेल्व्हने येतो, ग्रेव्हयार्डमधली कार्डं खाऊन. तुझ्या ग्रेव्हयार्डमध्ये काय असतं? सहा मॅनात फ्लॅशबॅक करायला (ढिगातून पुन्हा एकदा वापरायला) ठेवलेलं टीचिंग्ज, सात मॅनात फ्लॅशबॅक करायला ठेवलेलं ईडिक्ट. पहिला अँगलर उरलंसुरलं खातो. दुसऱ्याला खायला तुझी चांगली कार्डंच उरतात. घरातली भांडी विकून पाहुण्याला जेवू घालण्यातला प्रकार.

आता माझं सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी जन्मतःच शहाणा होतो.

२०१९ साल आमच्यासाठी विचित्र होतं. मे महिन्यात गश, गिटॅक्सियन प्रोब आणि डेझ ही निळी कार्डं, तिन्ही एकदम बॅन झाली. त्याच वर्षाच्या मध्यावर पॉपरला, म्हणजे आपण खेळतो त्या फक्त कॉमन कार्डांच्या प्रकाराला, ऑनलाइनखेरीज कागदी कार्डांवरही अधिकृत मान्यता मिळाली. ऑक्टोबरात मिस्टिक सँक्चुअरी नावाची एक लँड आली. आणखी तीन आयलंड असताना ती आली की ग्रेव्हयार्डमधला एक मंत्र उचलून डेकवर ठेवायचा. तिच्यासोबत मी डिप्राइव्ह खेळायचो. डिप्राइव्ह काउंटर करताना एक लँड हातात परत घ्यायला लावतं. मी सँक्चुअरीच परत घ्यायचो, पुन्हा टाकायचो, डिप्राइव्ह पुन्हा वर. समोरच्याला श्वास घेता येत नसे. कित्येक महिने मी जिंकत राहिलो आणि मला वाटायचं, माझा डेक आता परिपूर्ण झाला. मी लोकांना उपदेशही करायचो, तेव्हा तू बहुतेक आठवीत असशील. जुलै २०२० मध्ये सँक्चुअरी बॅन झाली आणि त्याच डेकने मी ओळीने हरायला लागलो. हुशार मी नव्हतो, ती लँड हुशार होती. तिने माझी महाग, भारी, सुस्त सुरुवात झाकून ठेवली होती.

आणि मी काय केलं? तेच, जे तू केलंस. आणखी महाग कार्डं घातली. वर्षभर.

दुसरी चूक डेकची नाही, माझी. प्रत्यक्ष खेळताना एका राउंडला पन्नास मिनिटं असतात. वेळ संपला की पाच जास्तीच्या टर्न आणि मग जे असेल ते. मी प्रत्येक काउंटरस्पेलआधी दोन मिनिटं छताकडे बघायचो. एका मित्राबरोबर पहिला गेमच पस्तीस मिनिटं चालवला, जिंकलो, दुसरा अर्धाच राहिला. पुढच्या वेळी तोच मित्र समोर आला, पहिला गेम त्याने घेतला, दुसरा मी, आणि तिसऱ्याला वेळच उरला नाही. बरोबरी. जिंकल्याचे तीन पॉइंट, बरोबरीचा एक. त्या एका पॉइंटने आम्ही दोघंही वरच्या आठांतून बाहेर राहिलो. तो काही बोलला नाही. पण त्यानंतर तो माझ्यासमोर गंमत म्हणूनही कधी खेळायला बसला नाही. मला वाटायचं, मी खोल विचार करतोय. खरं तर सुरुवातीच्या टर्नना काय करायचं हे घरून ठरवून आलो नव्हतो म्हणून टेबलावर ठरवत होतो. स्वस्त सुरुवातीचा हाही एक फायदा आहे, डोक्यालाही ती स्वस्त पडते. मॅजिक ऑनलाइनवर तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस मिनिटांचं घड्याळ. तिथे आठवड्यातून चार मॅच खेळ, छताकडे बघायची सवय जाईल.

साइडबोर्डबद्दल, म्हणजे एका गेमनंतर अदलाबदलीसाठी ठेवलेल्या कार्डांबद्दल, फार लिहीत नाही. पंधरापैकी चार कार्डं तू दुसऱ्या स्लो डेकसाठी ठेवलीयस. रविवारी दुसरा स्लो डेक कोण खेळतं? मी! एका माणसासाठी चार कार्डं? हायड्रोब्लास्ट चार, ब्लू एलिमेंटल ब्लास्ट दोन. एका निळ्या मॅनात लाल मंत्र काउंटर किंवा टेबलावरचं लाल काहीही नष्ट. उरलेल्या नऊंचं तू बघ. पण प्रत्येक मॅचसाठी आत किती आणि बाहेर किती हे वहीत आधी लिही. बाहेर काढायला सहाच कार्डं सापडत असतील तर आत आणायला आठ ठेवून उपयोग काय?

वही घे हे गांभीर्याने म्हणतोय. शंभर पानी, रेघांची. प्रत्येक हरलेल्या गेमनंतर एकच गोष्ट लिही: कुठल्या टर्नला मी मागे पडले. कार्ड कुठलं आलं नाही ते लिहायचं नाही, तो रडगाण्याचा भाग. मागे पडल्याची टर्न. वीस गेम झाले की आकडे बघ. त्यात दोन आणि तीन सोडून दुसरा आकडा क्वचित दिसला तर मला फोन करून सांग, दादा, तू बरोबर होतास. तसं नसेल तर मी चहा पाजतो. आणि तोवर एका वेळी एक-दोनच कार्डं बदल. तू एका रात्रीत नऊ बदललीस, मग काय सुधारलं ते कुणाला कळणार?

नवी कार्डं लगेच मागवू नकोस. कार्ड स्वस्त असतं, पण बाहेरून यायचं टपाल त्याच्या चौपट. कागदावर छापून स्लीव्हमध्ये घाल, आपल्या रविवारी कुणी काही म्हणत नाही.

हं, तू विचारशील ते मला माहीत आहे. मग दादा, तू स्वतः मिस्टिकल टीचिंग्ज का खेळतोस, आणि ते इव्हिंकार्स जस्टिस, जे बायबॅकसह (वापरून पुन्हा हातात घ्यायचं तर) सात मॅनाला पडतं आणि तुलाही दोन डॅमेज देतं? उत्तर आहे. टीचिंग्ज मी चारवरून दोनवर आणलंय. जस्टिस एकच आहे, आणि समोर छोट्या प्राण्यांची झुंबड असली की ते एकटं पूर्ण गेम धरून ठेवतं. शिवाय बायबॅकशिवाय चारच मॅना लागतात. शिवाय मागच्या वर्षी त्याने मला दोन मॅच... ठीक आहे. माझ्या वहीत ते कार्ड हातात अडकून हरलेले गेम सहा आहेत आणि त्याने जिंकलेले तीन. मला ते आवडतं म्हणून ठेवलंय. पण मी आधी नऊ स्वस्त कार्डं भरली आणि मग हा एक लाड केला. तू लाडाने सुरुवात केलीस. फरक आहे. माझ्या मते तरी आहे.

डेक सोडून लाल घेऊ का, असंही तू त्या मुलाला विचारत होतीस, मी ऐकलं. घे की, वाईट डेक नाही. पण तुला काउंटरस्पेल हातात धरून गप्प बसायला आवडतं. समोरचा दोन उभ्या आयलंडकडे बघून कचरतो तेव्हा तू ओठ चावतेस, तेही मी पाहिलंय. त्या दोन आयलंड दुसऱ्या टर्नला उभ्या असायला हव्यात, माझं एवढंच म्हणणं आहे.

या रविवारी साडेदहाला ये, बाकीचे बाराशिवाय उगवत नाहीत. लाल डेक मी चालवतो. दहा गेम, साइडबोर्डशिवाय, आणि प्रत्येक गेम तुझ्या चौथ्या टर्नला थांबवायचा. तेव्हा टेबलावर काय आहे ते लिहायचं आणि पुन्हा पिसायचं. तुला कंटाळा येईल. वही आण, पेन माझ्याकडे आहे. दुसरा अँगलर घरी ठेव.