फळीवरचे सात डबे

प्रिय मुली,

तू पाठवलेला फोटो मोठा करून मी प्रत्येक डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं. प्रोटीन पावडर, मल्टिव्हिटॅमिन, केसांसाठी बायोटिन, १००० मिलिग्रॅमचं व्हिटॅमिन सी, कॅल्शियम, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि जेवणाऐवजी प्यायचा शेक. फोटोखाली तू विचारलंस, ‘एवढं घेऊनही दुपारी तीनला डोळे मिटतात, केस गळायचे थांबत नाहीत. अजून काय घेऊ?’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. डब्यांबद्दल त्यात दीड पान आहे आणि जेवणाबद्दल एकच ओळ. सकाळी वेळ नसतो म्हणून शेक, दुपारी ‘काहीतरी’, रात्री दमून आल्यावर चहा आणि बिस्किटं. मला काळजी वाटली ती या एका ओळीची. इतकी वर्षं रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हेच पुन्हा पुन्हा पाहिलं. माणूस दमतो, दमल्यामुळे स्वयंपाक सुटतो, तो सुटला की आणखी दमतो, आणि मग त्या रिकाम्या जागेत एकेक डबा येऊन बसतो.

जीवनसत्त्वांचा शोध कसा लागला ते तुला माहीत आहे का? १७४७ साली जेम्स लिंड नावाचा ब्रिटिश आरमारातला डॉक्टर ‘सॅलिसबरी’ या जहाजावर होता. हिरड्या सुजून रक्त येणं, अंगातली ताकद जाणं, अशा स्कर्व्हीने खलाशी आजारी पडत होते. त्याने बारा रुग्ण निवडले आणि दोन-दोन जणांना वेगवेगळी गोष्ट दिली. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, आणि दोघांना रोज दोन संत्री नि एक लिंबू. संत्री-लिंबू खाणारे दोघे आठवडाभराच्या आत सुधारले. व्हिटॅमिन सी हे नाव तर सोड, ‘व्हिटॅमिन’ ही कल्पनाही तेव्हा नव्हती. तो शब्द कासिमिर फंक यांनी १९१२ मध्ये दिला. त्याच्याही आधी, जावामध्ये क्रिस्तियान आइकमन यांच्या लक्षात आलं होतं की कोंडा काढलेला पांढराशुभ्र तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा न काढलेला तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. आज आपण त्याला बी-१ ची कमतरता म्हणतो.

यातली एक गोष्ट नीट पाहा. ते खलाशी झपाट्याने बरे झाले, कारण त्यांच्या शरीरात ती गोष्ट जवळपास संपलेली होती. ज्याच्या शरीरात ती पुरेशी आहे त्याला आणखी दिल्याने आणखी ताकद येत नाही. प्रौढ स्त्रीला दिवसाला साधारण ७५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागतं, आणि मध्यम आकाराच्या एका संत्र्यात ७० च्या आसपास असतं. तुझी गोळी १००० मिलिग्रॅमची. मात्रा वाढते तसं आतडं त्यातलं कमी प्रमाणात शोषून घेतं, आणि जे जास्तीचं आत जातं ते मूत्रपिंडं बाहेर टाकतात. भरलेल्या घागरीत पाणी ओतत राहण्यासारखं आहे हे.

‘पण नुकसान तर नाही ना?’ असं तू विचारशील, म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, असं अनेक अभ्यासांत आढळलं होतं. त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीनही जास्त असायचं. गाजराला केशरी रंग देतं तेच हे द्रव्य. मग वाटलं, हेच वेगळं काढून गोळीतून दिलं तर? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला अशाच स्वरूपाचा दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. तू सिगारेट ओढत नाहीस, म्हणून तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाहीये. पण गाजरातून येणारं कॅरोटीन थोडं असतं, सावकाश येतं आणि तंतुमय पदार्थ नि इतर शेकडो द्रव्यांच्या सोबतीने येतं. त्या गोळीत ते एकटं होतं आणि ताटातून सहसा मिळेल त्याच्या कितीतरी पट होतं. हा अभ्यास वाचल्यापासून ‘नैसर्गिक घटक’ हे डब्यावरचे शब्द मला पुरेसे वाटत नाहीत.

आता तुझ्या थकव्याबद्दल. मला शंका आहे ती लोहाची. शंकाच आहे, निदान नव्हे. म्हणून आधी डॉक्टरांकडे जा आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासायचं का ते विचार. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो, आणि हिमोग्लोबिन बरं दिसत असतानाही तो साठा आटलेला असू शकतो. पाळीमुळे आपल्याला लोह पुरुषांपेक्षा बरंच जास्त लागतं. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार तुझ्या वयाच्या स्त्रीला दिवसाला १८ मिलिग्रॅम, तर पुरुषाला ८.

तुझ्या वयाची असताना माझं हिमोग्लोबिन ९ वर आलं होतं. जिने चढताना छातीत धडधडायचं, अभ्यासाला बसलं की झोप यायची. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या द्यायलाच हव्या होत्या. पण रक्त घ्यायला आलेल्या नर्सने विचारलं, ‘चहा कधी पितेस?’ मी म्हटलं, ‘जेवणाबरोबर. सकाळी, दुपारी, रात्री.’ त्या एवढंच म्हणाल्या, ‘जेवणानंतर तासाभराने पी.’ पुढे शिकले तेव्हा त्यामागचं कारण कळलं. चहा-कॉफीतली पॉलिफेनॉलं, म्हणजे तुरट चव देणारी द्रव्यं, डाळी, धान्यं, पालेभाज्यांमधल्या लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते शोषलं जात नाही. गोळ्यांनी माझा खड्डा भरून निघाला, पण तो पुन्हा पडला नाही याचं श्रेय मी ताटातल्या त्या छोट्या बदलांना देते.

ते बदल तुलाही सहज जमतील. मांस-मासे यांतलं लोह शरीर सहज घेतं. वनस्पतींमधलं लोह जरा हट्टी असतं, पण त्याच घासाबरोबर आंबट काही पोटात गेलं तर त्याचं शोषण चांगलंच वाढतं. डाळीवर लिंबू पिळ, कडधान्याच्या उसळीत टोमॅटो घाल, जेवणानंतर संत्रं खा. लिंबू आच बंद केल्यावर पिळायचं, कारण व्हिटॅमिन सी उष्णतेने कमी होतं. कडधान्यं रात्रभर भिजवली आणि मोड आणले की त्यांतलं फायटेट कमी होतं. फायटेट म्हणजे लोह आणि जस्त अडवून ठेवणारं द्रव्य. मोड आले की व्हिटॅमिन सीसुद्धा तयार होतं, म्हणजे एका भिजवण्यात दोन कामं. लोखंडी कढईत शिजवलेल्या आंबट रश्शात थोडं लोह उतरतंच. आणि तू कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घेतेस असं लिहिलंयस. मुली, कॅल्शियमसुद्धा लोहाच्या शोषणात आडवं येतं! दुपारी डाळ-पालक खाल्लास तरी त्यातला वाटा हीच गोळी रोखत असणार.

कॅल्शियमचंच बोलायचं तर एक पेला दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम असतं आणि त्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास शरीर घेतं. पालकात कॅल्शियम भरपूर दिसतं, पण त्यातल्या ऑक्झॅलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे पाच टक्के जेमतेम शोषलं जातं. कोबी, ब्रोकोली यांच्यातलं मात्र छान शोषलं जातं. म्हणून पालक खा, पण हाडांची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकू नकोस. दूध-दही चालत असेल तर ते, नाहीतर काट्यांसकट खाता येणारे छोटे मासे.

प्रथिनांबद्दल फार लिहीत नाही, कारण हिशोब सोपा आहे. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८ ग्रॅम. तुझं वजन ५५ किलो, म्हणजे ४४ ग्रॅम. दोन अंड्यांत १२, पेलाभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७, २०० ग्रॅम घट्ट शिजलेल्या डाळीत १८. इथेच ४५ झाले, धान्यातलं अजून मोजलेलंही नाही. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे दोन घटक. डाळीत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, धान्यात नेमकं उलटं, म्हणून दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. एकाच घासात खायची गरज नाही, दिवसभरात दोन्ही आली की झालं. कसून व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतं, तेही बहुतेकदा ताटातून भागतं. पावडर विष नाही. डबा संपव हवं तर, पण अंडं उकडायला लागणाऱ्या दहा मिनिटांची जागा तिला देऊ नकोस.

ग्रीन टीच्या कॅप्सूल मात्र आजच बंद कर. कपातल्या चहाबद्दल मी बोलत नाहीये. अर्काच्या मोठ्या मात्रेने काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. वजन उतरवण्याच्या उत्पादनांबद्दल मी कडक बोलते त्याला आणखी एक कारण आहे. सिब्युट्रामिन हे वजन कमी करण्याचं औषध हृदयाला धोका असल्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत मागे घेण्यात आलं. त्यानंतरही ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये ते लपवून घातलेलं सापडलं आहे. तुझ्या डब्यात तसं असेल असं मी म्हणत नाही. पण अशा डब्यात काय आहे हे तुला घरी तपासता येणार नाही, आणि टोमॅटोच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही.

सगळ्याच गोळ्या फेक, असं मात्र चुकूनही वाचू नकोस. जी माणसं मांस, मासे, अंडी, दूध यातलं काहीच घेत नाहीत त्यांना बी-१२ बाहेरून घ्यावंच लागतं, तिथे ताटावर विसंबणं धोक्याचं आहे. मूल हवं असलेल्या स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायचं असतं. बाळाच्या मज्जारज्जूचे बरेचसे दोष त्याने टळतात आणि हा सल्ला भक्कम पुराव्यावर उभा आहे. ऊन न मिळणाऱ्यांना व्हिटॅमिन डी लागू शकतं. तुझ्या तपासणीत लोह कमी निघालं तर डॉक्टर देतील ती गोळी नेमाने घे, काकूने पालक सांगितला म्हणून टाळू नकोस. काय कमी आहे, किती कमी आहे आणि किती दिवस भरायचं आहे, या तिन्हींचं उत्तर ज्या गोळीमागे आहे तिच्याशी माझं भांडण नाही. तुझ्या सातपैकी एकाही डब्यामागे ते नाही.

आता जेवण. सगळं एकदम बदलायला जाशील तर आठ दिवसांत थकशील. आधी फक्त सकाळ धर. रात्री झोपताना मूठभर कडधान्य भिजत घाल आणि अंडी उकडून ठेव. सकाळी त्यातलं काहीतरी, एक फळ आणि दूध किंवा दही. शेक तू पाच मिनिटांत पितेस, हे दहा मिनिटांत होईल. त्या जास्तीच्या पाच मिनिटांसाठी गजर लवकरचा लाव, आणि चहा ऑफिसात पोचल्यावर. सकाळ बसली की दुपारच्या ‘काहीतरी’कडे वळू. तिथे डाळ, धान्य आणि दोन रंगांच्या भाज्या, इतकंच बघायचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला भाज्या-फळं मिळून किमान ४०० ग्रॅम सांगते. मोजत बसू नकोस, एकदा वजन करून पाहा, म्हणजे डोळ्याला अंदाज येईल. भाजी चिरून पाण्यात ठेवू नकोस, धुऊन मग चिर. तेलाला घाबरू नकोस, कारण गाजर-टोमॅटोचे रंग शरीरात जायला थोडी चरबी लागते. शिजवलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याचं लाल रंगद्रव्य, तर कच्च्यापेक्षा चांगलं मिळतं.

रात्री दमून येतेस तेव्हा चुलीजवळ उभं राहावंसं वाटत नाही, हे मला कळतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी डाळ जास्त शिजवून फ्रीजमध्ये ठेव, बिस्किटांच्या पुड्याआधी तिच्यावर हात पडला पाहिजे.

आणि केस. बायोटिनची कमतरता क्वचितच होते. दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं, ते अंड्यातून, शेंगदाण्यांतून मिळतं, आणि केसांच्या गोळ्यांत बऱ्याचदा ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम असतं. केस गळण्यामागे लोह किंवा थायरॉइड असू शकतं, म्हणून डॉक्टर कदाचित थायरॉइडही तपासायला सांगतील. नेमकी तीच तपासणी जास्तीच्या बायोटिनमुळे चुकीची येऊ शकते. तेव्हा रक्त द्यायला जाण्याआधी डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेत, दोन्हीकडे, तू बायोटिन घेतेस हे सांग. किती दिवस आधी थांबवायचं ते ते सांगतील. रिपोर्ट आला की मला पाठव, आणि सोबत तीन दिवसांत खरोखर काय खाल्लंस तेही लिही, बिस्किटांसकट.

तुझी,
काकू