ड्रॉइंगवर लिहिलं नाही म्हणजे चालतं, असं नाही

ग्राहकाचा भाग बनवताना कोणती मशीनिंग पद्धत चालते, हे ठरवायला सुरुवातीला एवढंच कर: परचेस ऑर्डर, ड्रॉइंगवरच्या नोट्स आणि त्यांत उल्लेखलेलं प्रत्येक स्पेसिफिकेशन, रिव्हिजन (आवृत्ती) तपासून, पूर्ण वाच. एका स्पेसिफिकेशनमधून दुसऱ्याचा संदर्भ निघतो. एखाद्या पद्धतीवरची बंदी बहुधा तिथेच सापडते.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे माप बसलं की पद्धत योग्य धरणं. वायर ईडीएमने, म्हणजे तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून धातू कापण्याच्या पद्धतीने, माप अचूक येतं, पण वितळून पुन्हा गोठलेला कडक थर पृष्ठभागावर राहतो. त्यात सूक्ष्म भेगा असू शकतात आणि वारंवार ताण येणाऱ्या भागात त्या वाढत जातात. म्हणून अशा भागांवर ईडीएमला अनेकदा मनाई असते, किंवा तो थर काढावाच लागतो.

शंका आली तर ग्राहकाला लेखी विचार, तेही पहिला कट घेण्याआधी. तोंडी होकार ऑडिटमध्ये टिकत नाही. बिनधास्त विचार, त्यात कमीपणा काहीच नाही.